तांबी शरीरात नेमके काय करते?

चेन्नई : तमिळनाडूत आज घरी होणारे बाळंतपण जवळजवळ उरलेले नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) राज्यातील ९९.६ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांत झाल्या. पुढचे मूल केव्हा किंवा मुळीच हवे की नको, हा प्रश्नही त्यामुळे घराच्या उंबरठ्यावरून उठून प्रसूतिकक्षात आला आहे. एग्मोर येथील १८४४ साली स्थापन झालेल्या सरकारी स्त्री रुग्णालयापासून तालुक्याच्या लहान दवाखान्यापर्यंत, बाळंतिणीला घरी जाण्यापूर्वी जे पर्याय सुचवले जातात त्यांत गर्भाशयात बसवायच्या साधनाचा, म्हणजे ‘कॉपर टी’चा, समावेश असतो. महाराष्ट्रात याच साधनाला ‘तांबी’ म्हणतात. नाव घरगुती झाले. परंतु ती वस्तू शरीरात काय करते, याची माहिती तितकीशी घरोघरी पोहोचलेली नाही. ज्या स्त्रीच्या शरीरात ती पाच किंवा दहा वर्षे राहणार, तिलाही पुष्कळदा ‘याने मूल राहत नाही’ यापलीकडे काही सांगितलेले नसते.

वस्तू लहान आहे. सरकारी कार्यक्रमात वापरल्या जाणाऱ्या ‘कॉपर टी ३८० ए’ या साधनाची लांबी ३६ मिलिमीटर आणि आडव्या हातांची रुंदी ३२ मिलिमीटर असते. सांगाडा लवचीक पॉलिथिलीनचा; क्ष-किरण चित्रात दिसावा म्हणून त्यात बेरियम सल्फेट मिसळलेले असते. उभ्या दांड्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते आणि दोन्ही हातांवर तांब्याचे एकेक कडे असते. नावातील ३८० हा आकडा वजनाचा किंवा वर्षांचा नसून उघड्या तांब्याच्या क्षेत्रफळाचा आहे : तारेचे ३१४ चौरस मिलिमीटर आणि दोन कड्यांचे प्रत्येकी ३३. खालच्या टोकाला दोन धागे असतात. ते गर्भाशयमुखातून योनीत किंचित डोकावतात. साधन जागेवर आहे की नाही हे त्यांवरून कळते आणि काढायचे असेल तेव्हा डॉक्टर ते हलकेच ओढून काढतात.

तांबी बीजवाहिनीचा रस्ता बंद करीत नाही, बीजांड बाहेर पडण्याची मासिक क्रिया थांबवीत नाही आणि पाळीचे चक्रही बदलत नाही. तिचे सारे काम गर्भाशयाच्या पोकळीत आणि तिच्या आसपास चालते. परकी वस्तू आत आल्याचे ओळखून गर्भाशयाच्या अस्तरात पांढऱ्या पेशी जमू लागतात. हा एक प्रकारचा दाह असतो. मात्र त्यात जंतुसंसर्ग नसतो, ताप येत नाही, पू होत नाही. तांब्याच्या पृष्ठभागावरून अत्यंत सूक्ष्म प्रमाणात तांब्याचे आयन सुटत राहतात आणि गर्भाशय व बीजवाहिन्यांतील द्रवात मिसळतात. रोजच्या जेवणातून शरीरात जाणाऱ्या तांब्याच्या तुलनेत ही मात्रा अगदी थोडी असते. पण त्या बंदिस्त जागेत शुक्राणूंच्या दृष्टीने ती भारी ठरते. तांब्यामुळे शुक्राणूंची हालचाल मंदावते, बीजांडाचे आवरण भेदण्याची त्यांची क्षमता नष्ट होते आणि पांढऱ्या पेशी त्यांना गिळून टाकतात. गर्भाशयमुखातील स्रावातही तांबे उतरत असल्याने पुष्कळसे शुक्राणू दारातच निकामी होतात. बीजवाहिनीच्या ज्या रुंद भागात बीजांड आणि शुक्राणू यांची भेट व्हायची, तेथपर्यंत धडधाकट शुक्राणू सहसा पोहोचतच नाही.

हा तपशील केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. तांबी म्हणजे दर महिन्याला होणारा लहानसा गर्भपात, असा समज अनेक वर्षे प्रचलित होता आणि काही डॉक्टरही तसे सांगत. चिलीतील संशोधकांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्याला मोठा धक्का दिला. नसबंदीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी स्त्रियांच्या बीजवाहिन्यांतून बीजांडे मिळवून ती तपासण्यात आली. कोणतेही साधन न वापरणाऱ्या स्त्रियांच्या बीजांडांपैकी सुमारे निम्म्यांत फलनानंतरची सर्वसामान्य वाढ दिसली. गर्भाशयात साधन बसवलेल्या स्त्रियांच्या एकाही बीजांडात ती दिसली नाही. म्हणजे नित्याच्या वापरात हे साधन रुजलेला गर्भ काढून टाकत नाही. फलनच होऊ देत नाही. याला एक पुरवणी जोडली पाहिजे. असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती तातडीचे संततिनियमन म्हणूनही उपयोगी पडते, आणि या बाबतीत तातडीच्या गोळ्यांपेक्षा ती अधिक खात्रीची आहे. अशा वेळी फलन आधीच झाले असल्यास अस्तरातील बदलांमुळे त्याचे रुजणे टळण्याची शक्यता असते. रुजलेली गर्भधारणा मात्र तिने मोडत नाही आणि त्यासाठी ती वापरलीही जात नाही.

दुसऱ्या प्रकारच्या साधनात तांबे नसते. त्याच्या दांड्यात लेव्होनॉर्जेस्ट्रेल या संप्रेरकाचा साठा असतो आणि तो थेंबाथेंबाने झिरपत राहतो. गर्भाशयमुखातील स्राव त्यामुळे इतका दाट होतो की शुक्राणूंना वाट मिळत नाही. अस्तर पातळ राहते आणि रक्तस्राव कमी होतो. ज्या स्त्रियांच्या अंगावरून फार जाते, त्यांना डॉक्टर हे साधन उपचार म्हणूनही सुचवतात. परंतु ते महाग आहे आणि आपल्याकडे त्याचा वापर मुख्यतः खासगी रुग्णालयांत होतो. सरकारी दवाखान्यात मोफत मिळते ती तांबीच.

तांब्यापर्यंत पोहोचण्याची वाट सरळ नव्हती. लांबच्या प्रवासात उंटिणी गाभण राहू नयेत म्हणून अरब व्यापारी त्यांच्या गर्भाशयात खडे ठेवीत, ही गोष्ट या विषयावरील लेखांत हमखास भेटते. गोष्ट चांगली आहे, पुरावा नाही. खात्रीचा इतिहास विसाव्या शतकात सुरू होतो. जर्मनीतील डॉ. अर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांनी चांदीच्या तारेचे कडे वापरून पाहिले आणि त्याला यश आले. त्या चांदीत तांब्याची बरीच भेसळ होती, हे पुढे लक्षात आले. यश चांदीचे किती आणि भेसळीचे किती, असा प्रश्न त्यामुळे उरला. १९६०च्या दशकात अमेरिकेतील डॉ. जॅक लिपीज यांनी दुहेरी ‘एस’ आकाराचा प्लॅस्टिकचा ‘लूप’ तयार केला. त्यानंतर डॉ. हॉवर्ड टेटम यांनी आकुंचित गर्भाशयाच्या पोकळीला जुळणारा इंग्रजी ‘टी’सारखा आकार शोधला. तो त्रास कमी देई, पण गर्भधारणाही फारशी रोखत नसे. वर्षभरात शंभरांपैकी सुमारे १८ स्त्रियांना दिवस राहत. ही उणीव भरून काढली ती चिलीच्या डॉ. हाइमे झिपर यांनी. सशिणीच्या गर्भाशयाला दोन स्वतंत्र शाखा असतात. एका शाखेत तांब्याची तार ठेवली असता त्या बाजूला गर्भ रुजेना, दुसऱ्या बाजूला मात्र रुजला, असे १९६९ साली त्यांनी दाखवून दिले. ‘टी’वर २०० चौरस मिलिमीटर तांबे चढवताच अपयशाचे प्रमाण शंभरात १८ वरून साधारण एकावर आले. आजच्या ३८० ए साधनाच्या बाबतीत पहिल्या वर्षातील अपयश शंभरात एकाहूनही कमी आहे.

भारतात या साधनाचे नशीब विज्ञानापेक्षा प्रशासनाने अधिक घडवले. संततिनियमनाचा विचार येथे नवा नव्हता. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ सालीच सल्ला केंद्र उघडले होते आणि त्यापायी प्राध्यापकाच्या नोकरीवर पाणी सोडले होते. मद्रासमध्ये १९२०च्या दशकाच्या अखेरीस नव-माल्थसवादी लीग स्थापन झाली. सरकारी राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली आला. १९६५ मध्ये लूप देशभर दाखल झाला आणि तो बनवण्यासाठी कानपूरला कारखानाही निघाला. शस्त्रक्रियेवाचून पाळणा लांबवता येईल, ही कल्पना स्त्रियांना आवडण्याजोगीच होती. परंतु उद्दिष्टांचे आकडे आधी ठरले आणि दवाखाने मागाहून. शिबिरात लूप बसवून घेतलेल्या बाईच्या अंगावरून जाऊ लागले, पोटात कळा येऊ लागल्या, तर विचारायचे कोणाला? बसवणारे पथक पुढच्या गावाला गेलेले असे. रक्तस्राव वाढू शकतो हेही आधी कोणी सांगितलेले नसे. दोन-तीन वर्षांतच मागणी ओसरली. ‘लूप पोटात वर चढतो’, ‘काळजात जाऊन रुततो’ अशा वदंता गावोगाव पसरल्या आणि पुढच्या पिढीतील तांबीलाही त्या चिकटल्या. अशा वदंतांना अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे सोपे असते. पण ज्या बाईला तिच्या शरीरात काय घातले हे सांगितलेच गेले नाही, तिने स्वतःच्या वेदनेचा अर्थ स्वतःच लावला, तर दोष तिचा नव्हे.

लूपकडून भ्रमनिरास झालेला कार्यक्रम पुढे मुख्यतः नसबंदीवर विसंबला आणि त्याचा ठसा तमिळनाडूवर अजून आहे. मद्रास राज्याने १९५०च्या दशकातच नसबंदीसाठी रोख रक्कम द्यायला सुरुवात केली होती. पाचव्या पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ५७.८ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. देशाची सरासरी ३७.९ टक्के होती. गर्भाशयातील साधन वापरणाऱ्या स्त्रिया देशात जेमतेम २.१ टक्के. तमिळनाडूत हे प्रमाण त्याहून अधिक आहे, तरी नसबंदीच्या तुलनेत ते किरकोळच. पंचविशीच्या आसपास कायमची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या स्त्रीला पुढे मूल गमावले, संसार मोडला किंवा मन बदलले, तर परतीची वाट फार अवघड असते. तांबीला ही वाट आहे. ती काढल्यावर गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. तिने वांझपण येत नाही.

प्रसूतीनंतर लगेच तांबी बसवण्याची पद्धत, जिला वैद्यकीय व्यवहारात ‘पीपीआययूसीडी’ म्हणतात, गेल्या दीड दशकात तमिळनाडूच्या सरकारी रुग्णालयांत मोठ्या प्रमाणावर रुळली. यामागचा विचार व्यवहार्य आहे. बाळंतीण रुग्णालयात आहेच. सहा आठवड्यांनी पुन्हा येईल याची शाश्वती नाही. पण नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीचे गर्भाशय आणि एरवीचे गर्भाशय यांत फार अंतर असते. प्रसूतीच्या वेळी त्याचे वजन सुमारे एक किलोपर्यंत असते आणि वरचा घुमट बेंबीजवळ लागतो. सहा आठवड्यांत ते आक्रसून शंभर ग्रॅमच्या आत येते. म्हणून नेहमीची लहान नळी येथे उपयोगाची नसते. लांब चिमट्याने साधन थेट घुमटापर्यंत न्यावे लागते. वार पडल्यानंतर पहिल्या दहा मिनिटांत हे झाले तर सर्वांत चांगले. नाहीतर ४८ तासांच्या आत. त्यानंतर सहा आठवडे पूर्ण होईपर्यंत तांबी बसवीत नाहीत. आक्रसणारे गर्भाशय आतील वस्तू बाहेर ढकलू पाहते, त्यामुळे प्रसूतीनंतर लगेच बसवलेली तांबी निसटण्याचे प्रमाण नंतर बसवलेल्या तांबीपेक्षा अधिक असते. निसटलेली तांबी लक्षात आली नाही, तर स्त्री निर्धास्त राहते आणि दिवस जातात. सहा आठवड्यांनी तपासणीला येण्याचा आग्रह धरतात तो यासाठी.

धाग्यांची गोष्ट येथेच सांगायला हवी. प्रसूतीच्या वेळी धागे लांब गर्भाशयाच्या आतच राहतात आणि ते आक्रसत जाईल तसे खाली उतरतात. तमिळनाडूत सुमारे ४५ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने होतात. पोट उघडलेले असतानाच तांबी ठेवली, तर धागे कित्येकदा आतच गुंडाळून राहतात आणि तपासणीत दिसत नाहीत. धागा दिसला नाही म्हणजे तांबी हरवली असे नव्हे. सोनोग्राफीत तिची जागा कळते. तपासणाऱ्या परिचारिकेला हे ठाऊक नसेल तर ती घाबरते आणि तिच्याहून अधिक बाई घाबरते. धागा एकेरी, गुळगुळीत असण्यालाही एक कारण आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत ‘डाल्कन शील्ड’ नावाच्या साधनाला अनेक तंतूंचा पिळलेला धागा होता. त्यातून जंतू वर चढले, स्त्रियांना गंभीर संसर्ग झाले, काहींचे प्राण गेले आणि निर्मात्या कंपनीवर हजारो दावे गुदरले. त्या साधनाची बदनामी साऱ्याच साधनांना भोवली.

आजच्या तांबीचे धोके मोजके आहेत, पण ते नाहीत असे नाही. बसवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत संसर्गाचा धोका थोडा वाढतो. तो मुख्यतः आधीपासून असलेल्या संसर्गामुळे किंवा निष्काळजी हाताळणीमुळे. बसवताना गर्भाशयाच्या भिंतीला छिद्र पडण्याचे प्रमाण हजारात साधारण एक. तांबी असूनही दिवस राहिलेच, तर गर्भ बीजवाहिनीत असण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते. म्हणून पाळी चुकली आणि पोटात एका बाजूला तीव्र दुखू लागले, तर विलंब न लावता रुग्णालय गाठले पाहिजे. गर्भाशयाची पोकळी गाठीमुळे वेडीवाकडी झालेली असणे, कारण न कळलेला रक्तस्राव, ओटीपोटातील चालू संसर्ग, गर्भाशयमुखाचा कर्करोग, शरीरात तांबे साचण्याचा विल्सन आजार, अशा स्थितीत तांबी बसवीत नाहीत. काळजात जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. गर्भाशयातून हृदयाकडे जाणारी अशी कोणतीही वाट शरीरात नाही. अगदी विरळा भिंत भेदून तांबी बाहेर पडली, तरी ती ओटीपोटातच राहते आणि शस्त्रक्रियेने काढता येते.

सर्वांत जास्त स्त्रिया तांबी काढून घेतात त्या रक्तस्रावामुळे. दाहामुळे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वाढतात. त्यांनी पाळीत कळा येतात आणि स्राव वाढतो. पाळीतील रक्तस्राव निम्म्याने वाढणे असामान्य नाही. बहुतेकींच्या बाबतीत तीन ते सहा महिन्यांत शरीर जुळवून घेते आणि वेदनाशामक गोळ्यांनी आराम पडतो. ज्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, तेथे मात्र ‘थोडे जास्त जाईल’ हे वाक्य हलकेपणाने उच्चारता येत नाही. रक्तक्षय असला म्हणून तांबी वर्ज्य ठरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. पण हिमोग्लोबिन तपासणे, लोहाच्या गोळ्या देणे आणि त्रास असह्य झाला तर दवाखान्याने कुरकुर न करता तांबी काढून देणे, हा त्या सल्ल्याचाच भाग आहे. ‘इतक्यात काढू नका’ म्हणून बाईला दोनदा-तीनदा परत पाठवण्यात कोणाचे हित साधते?

येथे संमतीचा प्रश्न येतो. बाळंतपणानंतर आपल्या शरीरात तांबी बसवली गेल्याचे आपल्याला नंतर कळले, असे स्त्रियांचे अनुभव तमिळनाडूतील महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी पुढे आणले आहेत. सरकारी मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत : समुपदेशन गर्भारपणातील तपासण्यांच्या वेळी व्हावे आणि ऐन कळा सुरू असताना स्त्रीकडून संमती घेऊ नये. वेदनेत असलेल्या बाईने मान हलवली, तिला संमती म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितले आहे की, रुग्णाला पुरेशी माहिती देऊन त्या विशिष्ट उपचारासाठी घेतलेली संमतीच ग्राह्य होय. प्रत्येक तांबीमागे सरकार बसवणाऱ्याला आणि सोबत आणणाऱ्या कार्यकर्तीला काही रक्कम देते. या रकमेचा हेतू चांगला असेल, पण समुपदेशन उरकून घेण्याचा मोह तीतून निर्माण होऊ शकतो, हे मान्य केले पाहिजे. १९६०च्या दशकात लूप ज्या वाटेने गेला, ती वाट अजून पुसलेली नाही.

तांबीकडून अपेक्षा ठेवू नये अशी एक गोष्ट चेन्नईच्या संदर्भात सांगणे अगत्याचे आहे. भारतातील एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली याच शहरात, मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या देखरेखीखालील तपासणीतून झाली. त्या माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबातल्या. त्यांनी १९९३ साली उभारलेल्या उपचार केंद्राला वडिलांचे नाव आहे. तांबी शुक्राणूंना निकामी करते, विषाणूंना नव्हे. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांपासून संरक्षण हवे असेल तर निरोधला पर्याय नाही, मग तांबी बसवलेली असो वा नसो.

तांबी बसवून घरी जाणाऱ्या स्त्रीच्या हाती एक कार्ड द्यावे, असा नियम आहे. त्यावर साधनाचा प्रकार, बसवल्याची तारीख, पुढील तपासणीची तारीख आणि ती काढण्याचे वर्ष लिहिलेले असते : ३८० ए असेल तर दहा वर्षे, ३७५ असेल तर पाच. माहेरी बाळंतपण झालेल्या लेकीने ते कार्ड सासरी नेले पाहिजे, कारण तेथील डॉक्टरला साधनाचा प्रकार आणि वर्ष सांगायला दुसरे काही नसते. कार्ड मिळाले नसेल तर ते मागून घ्यावे. आणि त्यावर काय लिहिले आहे ते घर सोडताना नव्हे, रुग्णालय सोडण्यापूर्वी वाचून, न कळल्यास विचारून घ्यावे.